आजीपाशी संपेल

मंगळवारी सकाळी पावणेसातला मोजणीदाराची गाडी दातांच्या डॉक्टरांच्या फाटकासमोर तीन गचके देऊन बंद पडली. धुकं इतकं दाट होतं की बसल्या जागेवरून बॉनेटचं टोकही दिसत नव्हतं. मोजणीदार खाली उतरला. खिशातून खडू काढून त्याने पुढच्या चाकापाशी रस्त्यावर एक फुली मारली, हातातलं थर्मामीटर धुक्यात धरून बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुन्हा आत बसला. या वेळी गाडी एकदा खोकली, अंग झटकल्यासारखी थरथरली आणि काही झालंच नाही अशा थाटात गुमान चालू लागली.

दहा मिनिटांनी डॉक्टर वर्तमानपत्र घ्यायला बाहेर आले, ओल्या पायरीवरून घसरले आणि फाटकाच्या कडीवर आपटून त्यांचा पुढचा दात तुटला. जमिनीवर बसल्या बसल्या त्यांना समोर रस्त्यावर पांढरी फुली दिसली. दुसऱ्यांचे दात काढण्यात उभी हयात गेलेला माणूस. स्वतःचा दात तळहातावर घेऊन ते बराच वेळ त्या फुलीकडे बघत राहिले.

मोजणीदार हा अतिशय निरुपद्रवी माणूस होता. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीच्या खुणा रोवायच्या, संध्याकाळी घरी येऊन पाय शेकायचे, एवढंच त्याचं आयुष्य. गल्ली एका बाजूने बंद होती. बंद टोकाला त्याचं घर, मग ओळीने इतरांची घरं, आणि मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी एका म्हातारीचं. तिला सगळे ‘शेवटच्या आजी’ म्हणत. शेवटच्या घरातल्या आजी असं पूर्ण म्हणायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

गाडी बावीस वर्षांची होती. पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्या नव्याने आल्या तेव्हाची, म्हणजे आत संगणक असलेली, पण बेताच्या बुद्धीचा. थंडी सुरू झाल्यापासून तिला सकाळची खोड लागली होती. सुरू व्हायची झटकन. ॲक्सिलरेटर दाबला की मात्र श्वास कोंडल्यासारखी व्हायची, गचके द्यायची, गल्लीत कुठेतरी पार बंद पडायची आणि पुन्हा सुरू केली की दिवसभर शहाण्या मुलीसारखी वागायची.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक मेकॅनिक होता. त्याला सगळे ‘वस्ताद’ म्हणत. मोजणीदार तीनदा त्याच्याकडे गेला होता.

“चालतेय की झकास,” वस्ताद इंजिनावर कान लावून म्हणाला.

“आत्ता चालते. सकाळी चालत नाही.”

“सकाळची आणा मग.”

“सकाळचीच आणलीय. इथपर्यंत येईतो गरम होते.”

“साहेब, ताप उतरल्यावर पेशंट दाखवताय तुम्ही. मी काय नाडी बघू?”

तरी वस्तादने प्लग बदलले, हवा आत घेणारा गळा साफ केला, पेट्रोलचा दाब तपासला. स्कॅनर लावला तर त्यातही सगळं आलबेल. शेवटी एक रात्र गाडी गॅरेजात ठेवून घेतली. पण गॅरेजची मागची भिंत बेकरीच्या भट्टीला चिकटलेली; रात्रभर उबेत झोपून गाडी सकाळी गाणं म्हणत उठली.

“आता एकच काम करा,” वस्ताद म्हणाला. “वही घाला. थंडी किती होती, शेवटचा गचका कुठं दिला, कुठं बंद पडली, सगळं लिहून काढा. आजार कुठं संपतो ते कळलं की कुठून सुरू होतो ते मी बघतो.”

मोजणीदाराला मोजायला सांगणं म्हणजे पडत्या फळाची आज्ञा. कामावर जाताना गाडी काढायची ती मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि सोमवार. पहिल्या मंगळवारी जे झालं ते वर सांगितलंच.

गुरुवारी थंडी वाढली आणि गाडी डॉक्टरांचं घर ओलांडून गाण्याच्या बाईंच्या दारात बंद पडली. मोजणीदाराने फुली मारली, मागच्या फुलीपासून या फुलीपर्यंत लांब टेप टाकून अंतर घेतलं आणि निघाला. खिडकीच्या पडद्याआडून बाई बघत होत्या. धुक्यातून एक माणूस वाकून येतो, त्यांच्या फाटकापाशी बसतो, जमिनीवर काहीतरी खरडतो आणि त्यांच्या दाराकडे बोट दाखवत ओठ हलवतो. बिचारा फुटांचा हिशेब करत होता. नऊ वाजता पहिली शिकवणी आली तेव्हा बाईंनी सा लावायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. आवाज बसला तो बसलाच.

शनिवारी आणखी कडाका पडला. गाडी निवृत्त पोस्टमन काकांच्या दारात गेली. काकांचा पोपट तेवीस वर्षांचा होता. साडेआठला काकांनी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं, तर पोपट दांडीवरून खाली पडून पाय वर करून पडलेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं मोजणीदाराची बायको दोन दिवस म्हणत होती. पोपट गेल्यावर ती म्हणायची थांबली.

“माझा काही असल्या गोष्टींवर विश्वास नाही,” ती शनिवारी संध्याकाळी म्हणाली. “पण मी त्या गाडीत बसणार नाही.”

“अगं, तो सेन्सरचा नाहीतर पंपाचा काहीतरी–”

“असेल ना. मी बसने जाईन.”

गल्ली त्या दिवसापासून बदलली. मोजणीदार दिसला की बोलणी थांबत. मुलांना फुल्यांवर पाय द्यायची बंदी झाली. मुलं खेळायला जाताना एकेका फुलीला वळसा घालून भिंतीला घासून जाऊ लागली. डॉक्टरांनी आपल्या दारातली फुली पाण्याने धुतली, तर रस्ता वाळल्यावर ती पुन्हा दिसू लागली. खडू तसा चांगल्या प्रतीचा होता. हद्दीच्या खुणांसाठीच तो मिळतो. पण हे डॉक्टरांना कोण सांगणार?

यावर कळस चढवला तो वहीने. शनिवारी टेप गुंडाळायला दोन्ही हात लागतात म्हणून मोजणीदाराने वही गाडीच्या टपावर ठेवली होती, आणि तशीच गाडी हाकली. वही गाण्याच्या बाईंना सापडली. सभ्य बाई, दुसऱ्याचं लिखाण वाचणाऱ्यातल्या नव्हेत. पण वही उघडीच पडली होती. मोजणीदाराच्या टपोऱ्या अक्षरात पानावर लिहिलं होतं:

मंगळ. १४. दातवाले.
गुरु. ११. गाणं.
शनि. ९. पोपट.
सोम. ६? आजी. इथे संपेल.

आकडे थंडीचे होते. पोपट म्हणजे पोपटाचं घर. मोजणीदार कमी शब्दांचा माणूस. आणि गचके तिथे संपणार होते, कारण थंडी वाढली की इंजिन उशिरा तापतं आणि शेवटचा गचका तितका पुढे सरकतो, पण आजींच्या घरापुढे मोठा रस्ता लागतो आणि तोवर ते तापलेलं असतं. एवढाच त्याचा अर्थ. पण पोपट आठला जिवंत होता की मेला होता हे काकांनाही ठाऊक नव्हतं, आणि मोजणीदाराने तर ते सातला लिहून ठेवलेलं.

बाईंनी वही परत आणून दिली. बोलता येत नव्हतं, नुसती पुढे केली.  “फार आभारी आहे,” मोजणीदार म्हणाला. “हिच्याशिवाय सोमवारचं कळलं नसतं.” बाई पाठमोऱ्या न होता, तशाच उलट्या पावली फाटकाबाहेर गेल्या.

रविवारी दुपारी शिष्टमंडळ आलं. डॉक्टर तोंडावर रुमाल धरून, बाई हातात पाटी घेऊन, काका रडून सुजलेल्या डोळ्यांनी. तिघं एकाच सोफ्यावर, एकमेकांना खेटून बसले.

“आम्ही भांडायला नाही आलो,” डॉक्टर रुमालाआडून म्हणाले. “फक्त उद्या गाडी काढू नका.”

“उद्याच तर काढायला हवी. उद्या सगळ्यात जास्त थंडी आहे.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“थंडीचा काय संबंध?” काकांनी विचारलं.

“थंडी जितकी जास्त तितकी ती पुढे जाते,” मोजणीदार उत्साहाने म्हणाला. इतक्या दिवसांत कुणीतरी आस्थेने विचारत होतं. “आधी माझ्याच दारात थांबायची. मग हळूहळू पुढे सरकली. तिचा एक नियम आहे. मला तो सापडलाय.”

बाईंनी पाटीवर लिहिलं: ‘तिला थांबवता येत नाही?’

“ती आपली आपण थांबते. मी नुसता नोंद ठेवतो.”

तेवढ्यात फोन वाजला. वस्ताद होता. मोजणीदाराचा फोन जुना, कानाला लावला तरी अख्ख्या खोलीला ऐकू जाई.

“साहेब, वहीतलं उतरवून दिलेला तुमचा कागद बघितला. उद्या मी स्वतः येतो,” वस्तादचा घोगरा आवाज खोलीभर पसरला. “तोवर कुणी हात लावायचा नाही. रात्रभर उघड्यावर राहू दे. मला एकदम थंडगार पाहिजे. सकाळी सातला उघडून बघू, आतून काय गेलंय ते.”

मोजणीदाराने फोन ठेवून मागे बघितलं तेव्हा सोफा रिकामा होता. पाटी तेवढी विसरली होती.

इकडे शेवटच्या आजींना सगळं शनिवारीच कळलं होतं. बाईंनी पाटीवर लिहून दाखवलं होतं, पुसून पुन्हा लिहून दाखवलं होतं. आजींचं वय सत्त्याऐंशी. त्यांनी चष्मा लावून ते शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, “सोमवार का? बरं झालं, रविवार हाताशी आहे.”

रविवारी त्यांनी घर वाटून टाकलं. पलंग डॉक्टरांच्या घरी पाठवला, कपाट बाईंना, शेगडी आणि भांडी काकांना. कुणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मग काठी टेकत त्या घरोघर गेल्या आणि मनात साचलेलं सगळं बोलून मोकळ्या झाल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, वीस वर्षांपूर्वी तू माझी चांगली दाढ उपटलीस, किडलेली अजून तोंडात आहे. बाईंना म्हणाल्या, अकरा वर्षं तुझं गाणं सुरू झालं की मी कानात कापूस घालते. काकांच्या जवळ बसून, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुझा पोपट पाहुण्यांसमोर ज्या शिव्या द्यायचा ना, त्या मी शिकवल्या होत्या, दुपारी तू झोपलेला असताना. मोजणीदाराच्या बायकोला त्यांनी गल्लीत गाठलं. “तुझा नवरा वाईट नाही हो,” त्या म्हणाल्या. “कंटाळवाणा आहे, पण वाईट नाही.” बायकोने हे नवऱ्याला त्या दिवशी सांगितलं नाही.

सोमवारी धुकं असं होतं की समोरचं घर आहे की नाही याची शंका यावी. गाडीच्या काचेवर दवाचा बर्फ झाला होता. सातला वस्ताद आला. सहा फूट उंच, थंडीसाठी घातलेला काळा लांब कोट, काळी कानटोपी, हातात काळी पेटी. मोटारसायकल त्याने मोठ्या रस्त्यालाच लावली आणि घराचा नंबर नीट दिसेना म्हणून पहिल्याच दारापाशी थांबून विचारलं. ते दार आजींचं होतं.

“इथंच का?” वस्तादने विचारलं.

“इथंच,” आजी म्हणाल्या. “पण तू जरा लवकर आलास. गाडी अजून यायचीय.”

“गाडीपाशीच जायचंय मला.”

“मग शेवटपर्यंत जा. मी तयारच आहे.”

समोरच्या सगळ्या खिडक्यांमधले पडदे एकदम हलले.

वस्तादने गाडी सुरू करू दिली नाही. आधी स्कॅनर जोडला, किल्ली अर्धीच फिरवली आणि स्कॅनरच्या पडद्याकडे बघून शीळ घातली.

“या इकडे, साहेब. काचेवर बर्फ आहे ना? आणि ही बया म्हणतेय इंजिन ब्याऐंशी अंशांवर आहे. हिच्या लेखी आत्ता भर उन्हाळा चाललाय.”

“म्हणजे?”

“इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर गेलाय. गरम असताना खरं बोलतो, म्हणून माझ्याकडे कधी सापडला नाही. गार असताना बिनदिक्कत खोटं. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. पण संगणकाला वाटतं तापलंय, तो हात आखडता घेतो. पोर थंडीनं काकडतंय आणि आई म्हणतेय, उकडत असेल, सदरा काढ. गुदमरणार नाही तर काय करील?”

अंगठ्याएवढा पितळी तुकडा. वस्तादने तो काढला, अंदाजाने आणलेला नवा बसवला, पुन्हा स्कॅनर बघितला. पाच अंश. गाडीला अखेर थंडी वाजू लागली होती.

“आता हळू घ्या. मी मागून चालत ऐकतो.”

गाडी निघाली. माणसाच्या चालीने. मागून वस्ताद, कान मोकळे राहावेत म्हणून टोपी काढून हातात घेतलेला, मान खाली, एकेका आवाजाकडे लक्ष. डॉक्टरांचं घर गेलं, गचका नाही. पण डॉक्टर बाहेर आले. पुढे काळी काच लावलेली पांढरी गाडी, मागे टोपी काढून चालणारा काळ्या कोटातला माणूस. डॉक्टरांचे पाय आपोआप त्याच्या मागे पडू लागले. मग बाई आल्या. मग काका आले. धुक्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मोजणीदाराने आरशात बघितलं. कधी नव्हे तो त्यालाही वाटलं की आपण कुणालातरी न्यायला निघालो आहोत.

आजी फाटकात उभ्या होत्या. ठेवणीतली साडी, नीट विंचरलेले केस, पायाशी छोटं गाठोडं. गाडी त्यांच्यासमोर आली.  आणि गाडी एकही गचका न देता, लोण्यातून सुरी जावी तशी त्यांच्यासमोरून पुढे निघून गेली.

“ए, थांब,” आजी म्हणाल्या.

मोजणीदाराने करकचून ब्रेक लावला आणि काच खाली केली.

“हे काय?”

“दुरुस्त झाली, आजी,” तो म्हणाला. “आता कुठंच थांबणार नाही.”

“वहीत तर आजचं लिहिलंयस.”

“ते थंडीचं होतं, आजी. इंजिनाचं. तुमचा त्यात काही संबंध नव्हता.” आणि मग मागच्या मंडळींचे चेहरे बघताना, दात, आवाज, पोपट, फुल्या, सोफा, सगळं एकदम त्याच्या डोक्यात जुळलं आणि त्याचे कान लाल झाले.

 आजींनी मागे वळून बघितलं. डॉक्टर जमिनीकडे बघत होते. बाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. काका सरळ आजींकडेच बघत होते आणि त्यांची नजर काही चांगली नव्हती.

“अरे, मी सगळ्यांना सगळं सांगून बसले की,” आजी हळूच म्हणाल्या. “आता यांच्यात राहू कशी मी?” त्यांनी वस्तादकडे वळून विचारलं, “तो जुना तुकडा परत नाही बसत?”

“तीस वर्षं धंदा करतोय, आजी,” वस्ताद म्हणाला. “बिघाड परत बसवा म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच.”

“बसतो की नाही ते सांग.”

“बसतो. पण त्यानं गाडी थांबेल. बाकी कुणी थांबत नाही त्यानं.”

आजींनी गाठोडं उचललं, गाडीला वळसा घातला आणि पुढचं दार उघडून मोजणीदाराच्या शेजारी बसल्या.

“चल.”

“कुठे सोडू?”

“जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं. संध्याकाळपर्यंत.”

मोजणीदाराला त्या दिवशी दोन भावांच्या शेताची हद्द मोजायची होती. हातभर पट्टीवरून ते सात वर्षं भांडत होते. याआधी दोन मोजणीदार तिथून शिव्या खाऊन परतले होते. याचा मदतनीस तापाने घरी होता. नाइलाजाने त्याने टेपचं एक टोक आजींच्या हातात दिलं. आजींनी ते असं घट्ट धरलं की टेप वाऱ्यानेसुद्धा हलेना. दुपारी धाकटा भाऊ अंगावर धावून आला, मागोमाग थोरला. आजी मध्ये उभ्या राहिल्या.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “आज सकाळी मी मरायची होते. राहून गेलं. त्यामुळे मला आता कुणाची भीडभाड नाही. थोरल्या, तू लबाड आहेस, खुंटा तू सरकवलायस. जुना खड्डा तिथं अजून दिसतोय. धाकट्या, तू मूर्ख आहेस. हातभर जमिनीपायी सात वर्षं भावाशी बोलला नाहीस. करा सही.”

दोघांनी मुकाट्याने सही केली. थोरल्याने जाताना मोजणीदाराला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, “बाई कोण आहेत?” मोजणीदाराला नेमकं सांगता येईना. “आमच्या गल्लीतल्या,” तो म्हणाला.

ते परतले तेव्हा दिवस मावळत होता. आजींच्या दारात पलंग, कपाट, शेगडी आणि भांडी ओळीने मांडून ठेवलेली होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. खिडक्यांतून दिवे लागले होते आणि प्रत्येक पडद्यामागे कुणीतरी न हलता उभं होतं. आजी गाडीतून उतरल्या, तशी कुठेतरी एक कडी हळूच आतून लागली.

“माझी सावली पडते का ते बघतायत,” आजी म्हणाल्या.

मोजणीदाराने पलंगाचं एक टोक उचललं. दुसरं उचलायला आजी वाकल्या, एवढ्यात अंधुक उजेडातून डॉक्टर आले आणि त्यांनी ते टोक धरलं. पलंग आत गेला. कपाट गेलं. डॉक्टर उंबऱ्यात घुटमळले.

“आजी,” ते रुमाल काढून म्हणाले, “दाढेचं मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.”

“ठाऊक आहे. तेव्हापासून तू माझ्याकडून पैसे घेतले नाहीस.”

डॉक्टर मान हलवून निघून गेले. थोड्या वेळाने काका आले, शेगडी आत ठेवली, आणि जाता जाता भिंतीकडे बघून म्हणाले, “ती तिसरी शिवी त्याला नीट यायची नाही.”

“जीभ जड होती त्याची,” आजी म्हणाल्या. “पण मेहनती होता.”

काका तिथेच खुर्चीवर बसले.

मोजणीदार निघायला लागला, तशी आजींनी दारातून हाक मारली.

“उद्या किती वाजता?”

“उद्या काय?”

“मोजणी.”

“सहा वाजता निघायचंय, आजी. लांबचं शेत आहे. तिथं तिघं भाऊ आहेत.”

“मग मी पावणेसहालाच फाटकात उभी राहते,” आजी म्हणाल्या, आणि पलंगावर चादर घालायला आत गेल्या.